उशिराच्या सीझनचा एल्क: परराज्यात अर्ज नेमका कुठे टाकावा?

परसिपनीकर (४ जानेवारी, रात्री ९.१०)

अमेरिकेत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीबद्दल दोघांसाठी विचारतोय. राहणं न्यू जर्सीत. १५ नोव्हेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीही सलग सात दिवस काढता येतील. रायफल. गाइड नको, शक्यतो पब्लिक लँडवर. मांसासाठी जायचंय, त्यामुळे मादी चालेल, किंबहुना मादीच बरी. पॉइंट (मागच्या वर्षांच्या अर्जांचे साठणारे गुण) दोघांचेही शून्य. एकाचं ग्रीन कार्ड, दुसरा एच-१बीवर. हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट दोघांकडे आहे.

वायोमिंग, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, मोंटाना अशी पाच नावं कागदावर आहेत. ड्रॉचे (सोडतीचे) तक्ते चाळले तर मादीच्या काही टॅगसमोर (टॅग म्हणजे एका जनावराचा परवाना) चक्क १०० टक्के दिसतंय. हे खरं मानायचं का? आणि पाचही ठिकाणी अर्ज टाकले तर बिघडलं कुठे?

---

लारामीचा लिंबूटिंबू (४ जानेवारी, रात्री १०.०२)

१०० टक्के दिसलं की आधी त्या युनिटचा (शिकारीसाठी आखलेल्या विभागाचा) जमीनमालकीचा नकाशा उघडा. दहापैकी आठ वेळा तिथे खाजगी कुरणंच कुरणं असतात आणि बीएलएमचे (केंद्र सरकारच्या जमीनखात्याचे) तुकडे मध्ये बेटासारखे. डिसेंबरात एल्क असतात कुठे? खाली, गवताच्या गंजींजवळ, म्हणजे नेमके रँचवर. गंजी फस्त होतात म्हणून तर मालक तक्रार करतो आणि त्या तक्रारीवरच हा टॅग निघालेला असतो. मालकाच्या परवानगीशिवाय त्या टॅगचा उपयोग नाही, हे स्थानिकांना ठाऊक असतं, म्हणून ते अर्जच करत नाहीत आणि तक्त्यात १०० टक्के उमटतं. टॅग मिळण्याची टक्केवारी आणि एल्क मिळण्याची टक्केवारी यांची गल्लत करू नका.

वायोमिंगपुरतं सांगतो. परराज्याच्या लोकांचा एल्कचा मुख्य अर्ज जानेवारीत उघडतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होतो. निकाल मेमध्ये. पूर्ण किमतीचं लायसन्स ६९२ डॉलर, 'स्पेशल' रांगेत उभं राहिलात तर १,९५० डॉलर, वर अर्जाचे १५. शून्य पॉइंटवर त्या रांगेचा विचार सोडा. तुमच्यासारख्यांनी 'टाइप ६' पाहावं. मादी किंवा पिल्लू, २८८ डॉलर, आणि या ड्रॉला पॉइंट लागतच नाहीत. उशिराच्या तारखाही बहुतेक याच टाइपला असतात, काही एरियांत थेट ३१ जानेवारीपर्यंत.

मग एरिया (वायोमिंगमधलं युनिट) कसा निवडायचा? 'अ‍ॅक्सेस येस' कार्यक्रमातले (मालकांनी शिकारीला खुल्या केलेल्या जमिनींचे) वॉक-इन एरिया आणि हंटर मॅनेजमेंट एरिया नकाशावर टाका. हंटर मॅनेजमेंट एरियाला ऑनलाइन परवानगीपत्र लागतं. प्रत्येकाच्या नियमपत्रकात बंद होण्याची तारीख छापलेली असते, ती टॅगच्या तारखेशी ताडून पाहा. टॅग ३१ डिसेंबरपर्यंत चालतो आणि कुरणाचं फाटक महिनाभर आधीच बंद, असं सर्रास होतं. फॉरेस्टच्या (सरकारी राष्ट्रीय जंगलाच्या) रस्त्यांचंही तेच. मोटार कुठल्या रस्त्यावर कधी चालते याचा सरकारी नकाशा फुकट मिळतो, त्याच्या कोपऱ्यातला तारखांचा तक्ता कुणी वाचत नाही.

अजून एक. वायोमिंगमध्ये 'विल्डरनेस' म्हणून घोषित जंगलात परराज्याच्या माणसाला एकट्याने मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. लायसन्सधारी गाइड हवा, नाहीतर तिथला एखादा रहिवासी फुकट मिळणारं बिगर-व्यावसायिक गाइड लायसन्स काढून सोबत हवा. नकाशावरचा हिरवागार मोठा पट्टा बघून हुरळून जाऊ नका.

---

डेन्व्हरकर (५ जानेवारी, सकाळी ७.३५)

वरच्याशी सहमत. पण शून्य पॉइंट आणि दोन माणसं म्हटल्यावर पहिला अर्ज कोलोरॅडोचाच. कारण सांगतो.

कोलोरॅडोत चार रायफल सीझन. दुसऱ्या-तिसऱ्यात बऱ्याच युनिटांत नराचा टॅग दुकानातून मिळतो. पहिला आणि चौथा मात्र ड्रॉनेच. चौथा सीझन नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, फक्त पाच दिवसांचा. थंडी, बर्फ आणि थँक्सगिव्हिंगची घाई यामुळे गर्दी कमी, आणि मादीचे टॅग पुष्कळ युनिटांत दुसऱ्या पसंतीवरही मिळून जातात.

दुसऱ्या पसंतीचं गमक हे. कोलोरॅडोत पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिली पसंती लागली तर. म्हणून पहिल्या पसंतीच्या रकान्यात शिकार न टाकता पॉइंटचा कोड टाकायचा: ई-पी-९९९-९९-पी. दुसरीत मादीचा टॅग. दुसरी पसंती लागली तर एल्कही मिळाला आणि पुढच्या वर्षासाठी एक पॉइंटही जमा.

कोड वाचायला शिका, निम्म्या चुका तिथेच होतात. समजा ई-एफ-०१२-ओ४-आर. पहिलं ई म्हणजे एल्क. एफ म्हणजे मादी (एम असेल तर नर, ई असेल तर कुठलाही). ०१२ हे युनिट. ओ४ म्हणजे चौथा सीझन. शेवटचं आर म्हणजे रायफल. आता ओ४ च्या जागी पी आणि आकडा दिसला, तर तो टॅग फक्त खाजगी जमिनीवरचा. एका अक्षराचा फरक आहे. पीवाल्या टॅगच्या तारखा लांबलचक, डिसेंबर-जानेवारीपर्यंत, आणि टक्केवारी भरघोस, त्यामुळे नवखा माणूस हमखास तोच उचलतो. परवानगी हातात नसेल तर पी कोडला हात लावू नका.

अर्जाची शेवटची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. आधी एक 'क्वालिफाइंग लायसन्स' विकत घ्यावं लागतं, ते परत मिळत नाही. त्यात हुकलात तर जूनअखेरीस दुसरा ड्रॉ आहे आणि ऑगस्टमध्ये उरलेल्या टॅगची यादी. म्हणजे एका राज्यात तीन संधी.

तक्ते बघताना एक पथ्य पाळा. वायव्य कोलोरॅडोत २०२२-२३ चा हिवाळा फार वाईट गेला, एल्क आणि हरणं भुकेने मेली, आणि २०२३ मध्ये तिथले टॅग मोठ्या प्रमाणात कापले, सीझनचे दिवसही कमी केले. त्यामुळे त्या भागाचे आधीचे तक्ते आणि नंतरचे तक्ते एकत्र करून सरासरी काढू नका, आकडा भलताच येतो. टॅगची संख्या त्या-त्या वर्षी किती होती तो रकाना आधी बघा, टक्केवारी मग.

---

चहाटळ (५ जानेवारी, सकाळी ९.१४)

अडाणी प्रश्न. एल्क म्हणजे आपलं सांबरच ना? आणि तक्त्यांत 'काऊ टॅग' वाचून दचकायला झालं.

---

डेन्व्हरकर (५ जानेवारी, सकाळी ९.४०)

सांबर नाही. काश्मीरच्या हंगुळाचा जवळचा नातलग. मोठा नर सव्वातीनशे किलोच्या आसपास, मादी सव्वादोनशे. काऊ म्हणजे एल्कची मादी. धाग्यात मादीच लिहू या, गाय लिहिलं की विषय भलतीकडे जाईल.

---

कायद्याचा कीस (५ जानेवारी, दुपारी १२.२०)

एच-१बीवाल्या मित्राचं आधी मार्गी लावा, युनिट नंतर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९९८ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस नुसतं बाळगायलाही मनाई आहे. एच-१बी, एफ-१, एल-१ सगळे त्यात आले. अपवाद मोजके. त्यातला आपल्या कामाचा असा, की अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स त्या माणसाकडे असावं.

यातल्या खाचा:

हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे. ड्रॉचा अर्ज म्हणजेही नव्हे. सराव करायला रेंजवर मित्राची रायफल हातात घ्यायची तरी लायसन्स आधी हवं. म्हणून न्यू जर्सीचं साधं बंदुकीचं शिकार लायसन्स सरावाच्या आधी काढा.

दुसरी खाच तारखेची. बऱ्याच राज्यांचं लायसन्स ३१ डिसेंबरला संपतं. जानेवारीतली शिकार असेल तर १ जानेवारीच्या पहाटे तुमच्या मित्राच्या खिशात नुसता कागद उरतो. ज्या राज्यात शिकार आहे तिथला टॅग जानेवारीत चालू असला तरी त्याच्यासोबत लागणारं मूळ लायसन्स नव्या वर्षाचं लागतं का, हे नियमपुस्तिकेत बघा. कोलोरॅडोचं वर्ष मार्चअखेर संपतं, तिथे हा घोळ नाही. अ‍ॅरिझोनाचं घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं.

तिसरी खाच राज्याच्या कायद्याची. केंद्राचा अपवाद मिळाला म्हणजे राज्याचे नियम सुटले असं नाही. रायफल विकत घ्यायची असेल तर न्यू जर्सीत वेगळं ओळखपत्र लागतं. आणि व्हिसावर असताना इथे चूक झाली तर प्रकरण दंडावर थांबत नाही, इमिग्रेशनपर्यंत जातं. एकदा वकिलाला विचारून घ्या, तो खर्च टॅगच्या खर्चातच धरा.

विमानाचं: रायफल रिकामी, कडक पेटीत, कुलूपबंद, चेक-इन करताना तोंडाने सांगून द्यायची. काडतुसं बहुतेक कंपन्या माणशी ५ किलोपर्यंत नेऊ देतात. शक्यतो थेट विमान घ्या. परतीचं विमान न्यूयॉर्कला वळवलं आणि रात्रीपुरती बॅग हातात दिली, तर ती घेऊ नका. घेतलीत की तुम्ही न्यूयॉर्कमध्ये परवान्याशिवाय शस्त्र बाळगताय. बॅग विमान कंपनीच्याच ताब्यात राहू द्या.

---

फिनिक्सची फणसपोळी (५ जानेवारी, रात्री ८.५५)

दक्षिणेकडचं मी सांगते.

अ‍ॅरिझोना: अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे तुमच्या हातात महिनाच आहे. आधी १६० डॉलरचं परराज्याचं लायसन्स, मग अर्जाचे १५. टॅगचे ६५० डॉलर लागला तरच कापतात. इथे कार्डाचा घोटाळा होतो. टॅग लागला आणि त्या दिवशी कार्ड नाकारलं गेलं, ते मुदतीत दुरुस्त केलं नाही, तर टॅग दुसऱ्याला. मार्चपर्यंत मुदत असलेलं आणि परदेशी व्यवहाराचा संशय घेऊन अडवणार नाही असं कार्ड द्या.

ड्रॉ असा चालतो: प्रत्येक शिकारीतले २० टक्के टॅग सर्वाधिक बोनस पॉइंटवाल्यांना. मग उरलेल्यांसाठी सगळ्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या पसंतीवर चिठ्ठ्या. जितके पॉइंट तितक्या जादा चिठ्ठ्या, त्यातली सगळ्यात लहान आकड्याची चिठ्ठी धरतात. शून्य पॉइंटलाही एक चिठ्ठी असतेच. पण परराज्याला जास्तीत जास्त १० टक्के. पाच पसंती लिहिता येतात. तिसरी, चौथी, पाचवी सगळ्यांची पहिली-दुसरी संपल्यावर बघतात, तोवर चांगलं काही उरत नाही. म्हणून वास्तवातली पसंती दुसऱ्या रकान्यात टाका, पाचव्यात नको.

नोव्हेंबरअखेरचा नराचा रायफल टॅग ही अ‍ॅरिझोनाची खासियत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी सुरू होतो, आठवडाभर. हा टॅग सप्टेंबरच्या टॅगपेक्षा पुष्कळ सोपा लागतो, कारण माजाचा काळ संपलेला, नर ओरडत नाही, बरेचसे शिंगं मोडून बसलेले. नर माद्यांपासून वेगळे होऊन दोन-चारच्या टोळीत ज्युनिपरने भरलेल्या घळींत शिरतात आणि दिवसाला शे-दोनशे मीटरसुद्धा हलत नाहीत. ही चालण्याची शिकार नव्हे, बसून दुर्बिणीने डोंगर विंचरण्याची आहे. तिपाईवर लावलेली १५ पट दुर्बीण नसेल तर हा टॅग वाया. जमीन मात्र बहुतांश फॉरेस्टची, आणि स्टेट ट्रस्ट (राज्याच्या ताब्यातल्या) जमिनीवरही शिकारीचं लायसन्स असलं की शिकारीपुरतं जाता येतं. जमिनीची कटकट पाचही राज्यांत सगळ्यात कमी इथे.

न्यू मेक्सिको: पॉइंट नावाची भानगडच नाही. आज अर्ज करणारा आणि वीस वर्षं करणारा, दोघांची संधी सारखी. अर्ज मार्चच्या मध्यापर्यंत, निकाल एप्रिलअखेर. संगणक तुमचा अर्ज उचलतो आणि तुमच्या तिन्ही पसंती बघूनच पुढच्याकडे जातो, त्यामुळे तिसरा रकानाही जिवंत असतो. पण हिस्से बघा: ८४ टक्के रहिवासी, १० टक्के आउटफिटरबरोबर (शिकार घडवून आणणाऱ्या व्यावसायिकाबरोबर) करार केलेले, ६ टक्के उरलेले परराज्यवाले. एखाद्या शिकारीला ५० टॅग असतील तर तुमच्या वाट्याला ३. चौघांनी मिळून एकत्र अर्ज केला तर तीन टॅगमध्ये चौघं बसत नाहीत, अख्खा गट बाद. दोघांना चालेल, पण टॅगसंख्या अगदी कमी असलेल्या शिकारी टाळा. आणि टॅग मिळाला तर नंतरचा हार्वेस्ट रिपोर्ट भरायला विसरू नका. शिकार नाही झाली तरी भरायचा, नाहीतर पुढच्या वर्षीचा अर्ज फेटाळतात.

---

परसिपनीकर (५ जानेवारी, रात्री ११.३०)

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. तीन प्रश्न. मोंटानाबद्दल कुणीच बोललं नाही. एकत्र अर्ज केला तर पॉइंट कसे धरतात? आणि बर्फ जास्त पडला तर चांगलं की वाईट?

---

बोझमनवासी (६ जानेवारी, सकाळी ६.४८)

मोंटानाबद्दल कुणी बोललं नाही कारण तुमच्या गरजेला ते बसत नाही. परराज्याचं कॉम्बिनेशन लायसन्स १ एप्रिलपर्यंत अर्ज करून, हजाराच्या वर डॉलर आगाऊ भरून. त्याबदल्यात पाच आठवड्यांचा सीझन मिळतो, पण तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो. त्यानंतर १५ फेब्रुवारीपर्यंत 'शोल्डर सीझन' आहेत, २०१६ पासून. ते मुख्यतः खाजगी जमिनीवरच्या माद्यांसाठी. म्हणजे पुन्हा परवानगीच आली. ब्लॉक मॅनेजमेंटच्या (मालकांनी शिकारीला खुल्या केलेल्या खाजगी) जमिनी आहेत, पण बहुतेक सर्वसाधारण सीझनपुरत्याच खुल्या. आठवडाभरासाठी, शून्य पॉइंटवर, मादीसाठी हे महाग पडतं. नर हवा आणि तीन आठवडे मोकळे असते तर उलट सांगितलं असतं.

बर्फ. साधारण ४०-४५ सेंटीमीटरपर्यंत एल्क खुराने उकरून गवत खातात. त्यापुढे उतरायला लागतात. पण बर्फ एकदम पडला आणि वर कवच धरलं तर कमी खोलीवरही उतरतात, आणि भुसभुशीत असेल तर जास्त खोलीतही थांबतात. आता हे तुमच्या युनिटच्या नकाशावर ठेवून बघा. उंचावरचं फॉरेस्ट आणि खालचं बीएलएम दोन्ही पब्लिक असेल तर बर्फ तुमच्या बाजूने. वर फॉरेस्ट आणि खाली सगळे रँच असतील तर एक मोठं वादळ आलं की कळप रातोरात कुंपणापलीकडे, आणि तुम्ही या बाजूला दुर्बिणीतून दोनशे एल्क मोजत बसणार. अशा युनिटला कोरडं वर्ष लाभतं. बर्फाचा अंदाज एप्रिलमध्ये कुणालाच येत नाही, म्हणून दोन्ही पातळ्यांवर पब्लिक असलेलंच युनिट घ्या.

त्या-त्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. 'एल्क कुठे आहेत' विचारू नका, ठरलेलं उत्तर मिळेल. विचारा: "कोरड्या वर्षी १ डिसेंबरला कळपाचा किती भाग फेडरल जमिनीवर असतो? कुठला रस्ता शेवटी बंद होतो? टॅगवाले सरासरी किती दिवस राबतात?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. यशाची टक्केवारी रँचवर परवानगी असलेल्यांमुळे फुगते. एका एल्कमागे किती शिकार-दिवस लागले हा आकडा तितका सहज फसवत नाही. कोलोरॅडोत तर अशा चौकश्यांसाठी फोनवर बसवलेले हंट प्लॅनर आहेत, त्यांचा उपयोग करा.

गटाच्या अर्जाचं: कोलोरॅडो गटातल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचे पॉइंट धरतं. वायोमिंग आणि अ‍ॅरिझोना सरासरी काढतात. दोघेही शून्यावर असल्याने यंदा फरक नाही.

---

लारामीचा लिंबूटिंबू (६ जानेवारी, सकाळी ८.१५)

बीएलएमच्या बेटांबद्दल पुरवणी. रेल्वेला एकाआड एक चौरस दिल्यामुळे वायोमिंगच्या दक्षिण भागात जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. पब्लिकचे दोन चौरस फक्त कोपऱ्याला टेकतात. खाजगी जमिनीला पाय न लावता त्या कोपऱ्यावरून पलीकडे जाणं चालतं, असा निकाल २०२५ च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्टाने) एल्क माउंटनच्या खटल्यात दिला आणि सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला. वायोमिंग, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, युटा या कोर्टाच्या कक्षेत येतात. मोंटाना आणि अ‍ॅरिझोना येत नाहीत, तिथे हे गृहीत धरू नका. आणि फोनमधल्या अ‍ॅपची रेघ काही मीटरनी इकडेतिकडे असते. सर्व्हेचा पितळी खुणेचा खांब सापडला तरच कोपरा ओलांडा.

---

निरामिष (६ जानेवारी, सकाळी १०.३०)

मुकं जनावर मारायला तीन हजार किलोमीटर जायचं आणि त्यासाठी इतका काथ्याकूट. कमाल आहे.

---

बोझमनवासी (६ जानेवारी, सकाळी ११.०५)

मत मान्य, वाद नको. मादीचे टॅग कळप ठरावीक संख्येच्या वर गेला की वाढवतात आणि खाली आला की कापतात. कोलोरॅडोत २०२३ ला कापले ते वर आलंच आहे. तत्त्वाची चर्चा वेगळ्या धाग्यावर करू, इथे अर्जाच्या तारखा जवळ आल्यात.

---

मटणमास्तर (६ जानेवारी, दुपारी ४.४०)

युनिट निवडताना कुणी मांसाचं गणित करत नाही, नंतर रडतात. मादीचं हाडं काढून ७० किलोच्या आसपास मांस. दोघांत प्रत्येकी ३५. गुडघाभर बर्फात पाठीवर ३५ किलो एका खेपेत नेऊ नका, दोन खेपा धरा. एल्क मोटारीपासून ३ किलोमीटरवर पडला तर नंतरचं चालणं प्रत्येकी ९ किलोमीटर, त्यातलं ६ ओझ्यासह. दोन्ही टॅग लागले आणि एकाच संध्याकाळी दोन माद्या पडल्या तर याच्या दुपटीहून जास्त. डिसेंबरात पाच वाजता अंधार. म्हणून नकाशावर हिवाळ्यातही उघड्या राहणाऱ्या रस्त्यापासून ३ किलोमीटरची रेघ मारा, तिच्या आत पब्लिक जमीन किती ते बघा. तेवढंच तुमचं युनिट, बाकीचं कागदावर.

थंडीत मांस बिघडत नाही हा गैरसमज. दोन उलट चुका होतात. एक: जनावर कातडीसकट बर्फात ठेवून सकाळी येऊ म्हणणं. हिवाळ्यातली कातडी म्हणजे रजई. उणे दहातही मागच्या मांडीच्या खुब्यात उष्णता कोंडते आणि हाडाजवळचं मांस आंबतं. कातडी लगेच काढायची, खुब्याचा सांधा उघडायचा. दुसरी चूक: उणे पंधरात तिथल्या तिथे हाडं काढून मांसाचे तुकडे बर्फावर पसरणं. जनावराचं शरीर ताठरण्याआधीच मांस गोठायला लागलं तर तंतू आखडतात आणि मग कुकरच्या बारा शिट्ट्यांनीही ते मऊ होत नाही. म्हणून कातडी काढलेली तंगडी हाडावरच, कापडी पिशवीत, फांदीला टांगून काही तास ठेवा. मागची तंगडी हाडासकट २५ किलोच्या आत-बाहेर, ती एक खेप.

लिंगाचा पुरावा तंगडीला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. मादीच्या टॅगवर सडाचा भाग एका मागच्या तंगडीवर ठेवा. सवयीने तो साफ करून टाकतात आणि रस्त्यावरच्या तपासणीत दंड बसतो. टॅग भरून जोडायची पद्धत राज्यागणिक वेगळी, मागची बाजू वाचा.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) असलेल्या राज्यांतून मेंदू आणि मणका घरी नेता येत नाही, म्हणून न्यू जर्सीला हाडं काढलेलं मांसच. तपासणीसाठी डोकं किंवा लसिका ग्रंथी तिथल्या कार्यालयात द्या आणि निकाल येईपर्यंत पाकिटांवर जनावराचा क्रमांक घाला. दोन माद्यांचं मांस एकत्र खिमा केलं आणि एकीचा निकाल वाईट आला तर सगळं फेकावं लागतं. विमानाने ७० किलो म्हणजे २३ किलोच्या तीन पेट्या आणि वर थोडं. ड्राय आइस माणशी अडीच किलो, तोही कंपनीला विचारून, पेटीला हवेचं भोक ठेवून.

चरबी सगळी काढा. बोकडाच्या चरबीसारखी नाही, ताटात थंड झाली की मेणासारखी टाळूला चिकटते. रस्सा तेलावरच करा.

---

फिनिक्सची फणसपोळी (६ जानेवारी, रात्री ९.२०)

मला एक मतभेद नोंदवायचाय. सगळे मादी, मादी म्हणताय, पण अ‍ॅरिझोनाचा अर्ज यंदा न टाकणं चुकीचं. १७५ डॉलरमध्ये चिठ्ठीही पडते आणि बोनस पॉइंटही. उद्या नर हवासा वाटला तर आजपासून सुरुवात केलेली बरी.

---

डेन्व्हरकर (६ जानेवारी, रात्री १०.०१)

पटलं नाही. १७५ गुणिले दोन माणसं गुणिले दरवर्षी. परराज्याला १० टक्के, आणि त्यातही जुने पॉइंटवाले पुढे. दहा वर्षांत दोघांचे साडेतीन हजार डॉलर नुसत्या रांगेत उभं राहण्याचे. तेवढ्यात वायोमिंगचे मादीचे बारा टॅग येतात. एल्क सोडून इतर कशासाठी अ‍ॅरिझोनाचं लायसन्स वापरणार असतील तर गोष्ट वेगळी.

पैशाचंच निघालं म्हणून: वायोमिंग, न्यू मेक्सिको, मोंटाना पूर्ण फी आगाऊ घेतात आणि टॅग नाही लागला तर नंतर परत करतात. तिन्हीकडे टाकलंत तर माणशी अडीच-तीन हजार डॉलर वसंतभर अडकतात, आणि क्रेडिट कार्डावर असतील तर व्याज तुमचं. कोलोरॅडो आणि अ‍ॅरिझोना लागल्यावर कापतात. आयडाहोचं कुणी सांगितलं नाही: पॉइंट नाहीत, ठरावीक शिकारींचा अर्ज १ मे ते ५ जून, म्हणजे बाकी सगळीकडे हुकल्यावरही दार उघडं. पण अर्जाआधी १८५ डॉलरचं लायसन्स घ्यावं लागतं, ते गेलेच.

आणि पाचही ठिकाणी टाकल्याने बिघडतं काय, तर दोन टॅग लागतात. सुट्टी एकच. टॅग परत करता येतो का, पैसे मिळतात का, पॉइंट राहतात का, प्रत्येक राज्याचं उत्तर वेगळं आहे.

---

बोझमनवासी (६ जानेवारी, रात्री १०.४५)

उशिराच्या सीझनची सामानाची दोन कलमं, कारण यावर राज्य निवडीचाही परिणाम होतो. उणे वीसच्या युनिटात रायफलच्या बोल्टमधलं तेल घट्ट होतं, फायरिंग पिन हळू आपटते आणि घोडा दाबल्यावर नुसता 'टक्'. बोल्ट सोडवून तेल पूर्ण धुऊन काढा, कोरडं ग्रॅफाइट लावा. रात्री रायफल उबदार खोलीत आणू नका, दव धरतं आणि सकाळी बाहेर नेल्यावर तेच गोठतं. पेटीत, कुलूप लावून, थंड जागी ठेवा. रेंजफाइंडरला लिथियमच्या बॅटऱ्या.

भाड्याची गाडी: 'फोर व्हील' लिहिलेलं असलं तरी बहुतेक करारांत साखळ्या लावायला आणि कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई असते. कोलोरॅडोत आय-७० च्या डोंगरी टप्प्यावर १ सप्टेंबर ते ३१ मे टायरचा नियम लागू असतो. करार वाचूनच गाडी घ्या. अ‍ॅरिझोनात हा प्रश्न खूपच सौम्य, तेवढं फणसपोळीताईंच्या बाजूने.

---

परसिपनीकर (७ जानेवारी, रात्री ९.३०)

सगळं वाचून असं ठरवतोय. कोलोरॅडो: पहिली पसंती पॉइंटचा कोड, दुसरी चौथ्या सीझनचा मादीचा टॅग, वर-खाली दोन्हीकडे पब्लिक असलेल्या युनिटात. सोबत न्यू मेक्सिकोत डिसेंबरच्या मादीच्या तीन पसंती. वायोमिंग टाइप ६ फक्त हंटर मॅनेजमेंट एरियाचं फाटक डिसेंबरातही उघडं असलेला एरिया सापडला तरच. अ‍ॅरिझोना यंदा नाही. मित्राचं न्यू जर्सीचं लायसन्स या आठवड्यात. चुकतंय का काही?

---

डेन्व्हरकर (७ जानेवारी, रात्री ९.५२)

एकच. न्यू मेक्सिकोचा निकाल एप्रिलअखेर, कोलोरॅडोची मुदत त्याच्या आधी, त्यामुळे दोन्ही लागू शकतात. तारखा एकमेकींवर येणार नाहीत अशा निवडा. कोलोरॅडोचे पाच दिवस नोव्हेंबरात, न्यू मेक्सिको डिसेंबरच्या मध्यानंतर. आणि तिसऱ्या-चौथ्या पसंतीचे रकाने रिकामे सोडा. घाईत भरलेल्या चौथ्या पसंतीत पी कोड शिरतो आणि नेमका तोच लागतो.

---

कायद्याचा कीस (७ जानेवारी, रात्री १०.१०)

मित्राचं न्यू जर्सीचं लायसन्स ३१ डिसेंबरला संपेल. न्यू मेक्सिकोची तारीख नाताळानंतरची घेतलीत तर परतीच्या प्रवासाचा दिवस मोजा. ३० तारखेला निघून घरी पोचायला १ उजाडला तर रायफल कुणाच्या नावाच्या पेटीत आहे, हे विमानतळावर ठरवत बसू नका. न्यू मेक्सिकोचं लायसन्स ३१ मार्चपर्यंत चालतं, त्याची छापील प्रत पेटीतच ठेवा.